अंगठा जाईल एवढं भोक

४ फेब्रुवारी

गावच्या शाळेत गुरुजी रोज सुट्टीआधी पाटीवर दोन ओळी लिहून घेत. आज काय पाहिलं, एवढंच. कुणी काय वाटलं ते लिहिलं की पुसून टाकायचे आणि म्हणायचे, "वाटलेलं घरी ने, पाहिलेलं इथे ठेव." आता पन्नाशी आली. ती सवय पुन्हा लावून घ्यावी असं आज मनात आलं.

तर पाहिलं ते असं. सकाळी गोदाम उघडण्याआधी मागच्या बाजूला फेरी मारली. भिंतीच्या कडेला एक घुबड मरून पडलं होतं. पांढऱ्या तोंडाचं, पाठ पिकल्या गवताच्या रंगाची. जखम कुठेच नाही, फक्त चोचीपाशी रक्त सुकलेलं. पंख उचलून पाहिला. पिसं इतकी मऊ की बोटांना काही लागतंय हेसुद्धा कळेना.

मुकादम मागून आला. "काय महाराज, आज मोक्षाला मोठं गिऱ्हाईक?"

धान्याच्या गोदामातल्या उंदरांचा बंदोबस्त हे माझं काम. देवाचं नाव घेतल्याशिवाय मी विषाची वडी ठेवत नाही, म्हणून हमालांनी मला महाराज करून टाकलं आहे.

घुबड पुरायला घेतलं होतं. मग काय वाटलं कोण जाणे, पोत्यात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

५ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंनी ते उघडून पाहिलं. आत सगळीकडे रक्त.

"गोदामात निळ्या वड्या टाकता ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. तो धरायला सोपा. हिने तसले बरेच खाल्ले असणार." हात धुता धुता म्हणाल्या, "तुमचंच काम फुकट करणारी होती हो ही."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं सांगत होत्या.

घरी हिला सांगितलं. ही त्याच गोदामात फाटकी पोती शिवते. दाभणात सुतळी ओवत म्हणाली, "मग वड्या बंद करा."

"मालक काय म्हणतील?"

"विचारल्याशिवाय कसं कळणार? देवाशी रोज तासभर बोलता, मालकांशी दोन मिनिटं बोला."

८ फेब्रुवारी

मालकांशी बोललो. ते वयाने माझ्याहून बरेच लहान, मला काका म्हणतात. सगळं ऐकून घेतलं.

"काका, मार्चअखेर तपासणी आहे. ज्या कंपनीचा माल आपण ठेवतो त्यांचा साहेब येणार. एक पोतं कुरतडलेलं दिसलं, तर माल दुसरीकडे जाईल. तोवर तुमच्या पद्धतीने करून बघा. जमलं नाही, तर मी बाहेरच्या विषवाल्यांना बोलावणार. ते छतापासून गटारापर्यंत सगळीकडे टाकतात. मग मला देवाचं नाव सांगू नका आणि घुबडाचंही."

मी कबूल केलं.

१५ फेब्रुवारी

वड्या गोळा करून परत दिल्या. आता करायचं काय, तर जे आधीच करायला हवं होतं ते. थप्प्या भिंतीपासून माणूस जाईल इतक्या दूर सरकवायच्या. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर. सांडलेलं धान्य त्याच दिवशी झाडायचं. सापळे रोज पाहायचे. आणि भोकं बुजवायची.

मुकादम थप्प्या सरकवून वैतागला. "महाराज, तुमच्या एका घुबडापायी आमच्या कंबरेचा भुगा झाला."

ही पोत्यांमागून म्हणाली, "भाऊजी, कंबर आहे तरी का? मला तर छातीनंतर थेट पायच दिसतात."

हमाल हसले. मुकादम सगळ्यांत जास्त हसला. संध्याकाळी झाडू त्याच्याच हातात होता.

२६ फेब्रुवारी

मागच्या मोकळ्या पट्टीतलं गवत कापायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं आहे. उंदीर बाहेर गवतात राहिले तर घुबडांना तिथे मिळतात. मागचा मोठा दिवाही बंद ठेवायचा. मालक म्हणाले, चोर आले तर? मुकादम म्हणाला, पोतं पाठीवर घेऊन पळणारा चोर असेल, तर मी त्याला कामावरच ठेवीन.

शेजारच्या पिठाच्या गिरणीतही जाऊन आलो. आम्ही बंद केलं आणि त्यांनी विष चालू ठेवलं, तर उपयोग काय? गिरणीवाल्या बाई आधी दारातच उभ्या राहिल्या. घुबड अपशकुनी, असं त्यांच्या सासूबाई आतून म्हणाल्या. मी म्हटलं, उंदीर तर शुभशकुनी नाही ना? बाई हसल्या. महिनाभर बघते म्हणाल्या.

५ मार्च

आज संध्याकाळी दिसली. दोन. दिवेलागणीला गवतावरून फिरत होती. आवाज अजिबात नाही. मी आणि मुकादम मागच्या पायरीवर बसून पाहत होतो. एकाने झेप घेतली, पायात काहीतरी धरून गिरणीच्या बाजूला वळलं आणि छपरामागे दिसेनासं झालं.

"रात्रपाळी आली," मुकादम म्हणाला. तेव्हापासून त्यांचं नाव रात्रपाळी.

कुठे राहतात कोण जाणे. गिरणीपलीकडच्या जुन्या झाडात असावीत.

१२ मार्च

उंदीर कमी झाले आहेत. हे मी म्हणत नाही, सापळे म्हणतात. ही म्हणते, शिवायला पोती कमी येतात, माझं काम घालवाल.

भोकं बुजवणं चालू आहे. माझ्या आधी हे काम करणाऱ्या म्हाताऱ्याने शिकवलेला नियम एकच: अंगठा आत गेला, तर उंदीरही जातो. बसून, वाकून, झोपून सगळ्या भिंतींना अंगठा लावला. सिमेंट, जाळी, पत्र्याचे तुकडे. या कामात मन लागतं. जपासारखं आहे, एक झालं की पुढचं.

२० मार्च

खालचं सगळं झालं. आज वरचं पाहिलं. पुढच्या भिंतीला, छपराच्या टोकाखाली एक फट आहे. अंगठा कसला, अख्खं डोकं जाईल. भिंतीवर पांढरे ओघळ. कबुतरांनी वर्षानुवर्षं घाण केली आहे. फटीमागे आतल्या बाजूला फळ्यांचा जुना माळा आहे. तिथे कुणी जात नाही, काही ठेवतही नाहीत.

उंदीर भिंत चढून तिथून येऊ शकतो. तपासणीवाल्या साहेबांना तर ती फट फाटकातूनच दिसेल. दुपारी मोठी शिडी लावली. शिडी एकच आहे, दोन माणसांना उचलावी लागते. मुकादमाने खालून धरली. आत डोकावलो. अंधार, जुनाट वास. कबुतर दिसलं नाही. फटीवर पत्रा ठेवून चारी बाजूंनी स्क्रू मारले.

खाली उतरून पाहिलं. भिंत आता एकसंध दिसते. संध्याकाळी देवापुढे बसलो तेव्हा मन फार शांत होतं.

२१ मार्च

एक विशेष गोष्ट. रात्रपाळीतलं एक घुबड आज उजेडीच पुढच्या खांबावर येऊन बसलं. एरवी ही जोडी मागच्या बाजूला असते. खांबावरून ते सरळ आमच्या भिंतीकडे बघत होतं. कितीतरी वेळ. माणसं ये-जा करत होती, तरी हललं नाही.

मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानेही क्षणभर माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांच्या कामाची कुणीतरी नोंद घेतली, असं वाटलं. वाटलेलं लिहायचं नाही, पण आज लिहितो.

२२ मार्च

ही म्हणाली, "अहो, वर कुणीतरी श्श्श करतंय."

"श्श्श?"

"गप्प बसा म्हणतात तसं. मला आधी वाटलं तुम्हीच. मी जरा बोलले की तुम्हाला शांतता हवी असते."

मी ऐकलं. खरंच आवाज होता, माळ्याच्या बाजूने. वारा नव्या पत्र्याच्या कडेतून शिरत असणार. म्हणजे कुठेतरी बारीक फट राहिली. पुन्हा शिडी लावली आणि पत्र्याच्या चारी कडांना बाहेरून लांबी, भेगा बुजवायचा लगदा, भरली. पत्र्यावर खाली-वर बरेच ओरखडे दिसले. स्वस्तातला पत्रा, रंग लगेच जातो.

२३ मार्च

सकाळी पुढच्या भिंतीच्या पायाशी दोन उंदीर मरून पडलेले. ताजे, मानेत धरलेले. विषाचे नाहीत. कुणी खाल्लेलेही नाहीत. मुकादम म्हणाला, "रात्रपाळीने हजेरी लावली बघा. पुरावा ठेवून गेली." सगळ्यांना गंमत वाटली. मालकांनाही बोलावून दाखवले. ते म्हणाले, "काका, तुम्ही तर पाखरांनाही कामाला लावलंत."

घुबड आजही खांबावर होतं.

रात्री जेवताना हिला म्हटलं, मुकं पाखरू, पण उपकार जाणतं. ही काही बोलली नाही. ही बोलली नाही म्हणजे काहीतरी चाललेलं असतं, पण मी विचारलं नाही.

२४ मार्च

आज आणखी उंदीर. तेही तसेच, न खाल्लेले, भिंतीच्या पायाशी.

दुपारी हिने सुई खाली ठेवली. "वरचा आवाज कमी झालाय."

"लांबी भरली ना मी."

"काल तर लांबी भरूनही होता. आज कमी झालाय. आणि तुमच्या वाऱ्याची एक गंमत सांगू? पोती टाकताना धप्प झालं की तो थांबतो. परत शांत झालं की सुरू. पत्र्याला भीती वाटत नाही हो. आणि भूकही लागत नाही."

मी बाहेर येऊन भिंतीच्या पायाशी ठेवलेल्या उंदरांकडे पाहिलं. मग खांबाकडे. मग वर.

शिडी आत आणून माळ्याला लावायला मुकादमाला हाक मारली. माझा आवाज ऐकून तो पळतच आला.

माळ्यावर, फटीमागच्या कोपऱ्यात पिल्लं होती. चार. कापसाची बोंडं उसवावीत तशी पांढरी, तोंडं मात्र म्हाताऱ्यांसारखी. तीन एकमेकांना टेकून उभी होती. मला पाहून त्यांनी माना खाली घालून डुलवल्या आणि श्श्श केलं. चौथं, सगळ्यांत लहान, बाजूला पडलं होतं. त्याला हात लावला. थंड होतं.

मी चार दिवस त्यांच्या दारावर काम करत होतो. एकदा नाही, दोनदा बंद केलं.

पत्रा आतूनच लाथ मारून काढावा असं वाटलं. ही खालून ओरडली, "घाबरवाल त्यांना! स्क्रू काढा, नीट." मुकादमाने एका हमालाबरोबर शिडी बाहेर नेली आणि स्क्रू काढले. इतका जाड माणूस शिडीवर इतका हळू हात चालवेल, असं मला वाटलं नव्हतं. उजेड आत आला तेव्हा पिल्लांनी डोळे मिटले.

डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पिल्लं हलवू नका. सापळ्यातला उंदीर तुकडे करून जवळ ठेवा आणि तिथून निघा. आईबाप अजून येत असतील, तर नशीब.

संध्याकाळी सगळे रस्त्यापलीकडे उभे राहिलो. हमाल, गिरणीवाल्या बाई, त्यांच्या सासूबाईसुद्धा खुर्ची आणून बसल्या. घुबड खांबावर आलं. खूप वेळ नुसतं पाहत राहिलं. मग उडालं, फटीपाशी क्षणभर थांबलं आणि आत गेलं.

आतून श्श्श सुरू झालं. सासूबाई म्हणाल्या, "रागावताहेत पोरं. एवढा उशीर कुठे होता म्हणून."

२५ मार्च

लहानग्याला गवताच्या पट्टीत पुरलं. देवापुढे बसलो, पण मागायला काही सुचेना. खांबावरचं ते पाखरू मला शाबासकी देतंय असं मी समजलो होतो.

गुरुजींचं आज पटलं. पाहिलेलं होतं तेवढंच ठेवायला हवं होतं.

२६ मार्च

आता पेच असा. फट उघडी राहिली तर तपासणीत नापास. मग विषवाले येणार आणि ही तीन पिल्लं ते विषच खाणार. फट बंद केली, तर काय होतं ते पाहिलंच.

मुकादमाने तोड काढली. माळ्याच्या कोपऱ्याला फळ्यांची पेटी ठोकायची, म्हणजे फटीतून आलेलं पेटीत राहील. पेटीतून गोदामात यायला वाट नाही. हिने फळ्यांच्या सांध्यांवर गोणपाट शिवून ताणून बसवलं. ठोकाठोक पिल्लांच्या बेताने केली. दोन खिळे, मग थांबायचं. पेटी झाल्यावर मी आतून सगळीकडे अंगठा लावून पाहिला. कुठेच गेला नाही.

"आणि बाहेरून त्या फटीवर साहेब येतील तेवढा वेळ ताडपत्री सोडतो," मुकादम म्हणाला. "वाऱ्याने लोंबली असं सांगू."

मी उरलेले खिळे मोजून ठेवले.

३० मार्च

तपासणी झाली. साहेब कोपऱ्याकोपऱ्यात वाकून पाहत होते. कुरतडलेलं पोतं नाही, लेंडी नाही. विष वापरत नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

जाताना फाटकापाशी थांबले. "भिंतीला कुठे उघडी जागा नाही ना?"

मुकादम म्हणाला, "छे!" त्याच वेळी मी म्हणालो, "आहे. त्या ताडपत्रीमागे."

मग पेटी दाखवली, सगळं सांगितलं. साहेबांनी पेटीवर बोटाने टकटक केलं. आतून श्श्श आलं. ते दोन पावलं मागे सरकले.

"हे मी पाहिलं, म्हणजे मला लिहावं लागेल," ते म्हणाले. "बाकी गोदाम उत्तम. ही फट मात्र बंद झाली पाहिजे. पुढच्या तपासणीला यायच्या आत."

ते गेल्यावर मालक म्हणाले, "काका, विष नको, हे तुम्ही जिंकलात. पण पिल्लं उडाली की पत्रा लागणार. आता लेखी आहे."

मुकादम माझ्याशी दिवसभर बोलला नाही. निघताना हिला म्हणाला, "वहिनी, यांना इथून पुढे काही सांगत जाऊ नका. विचारलं की हे खरंच सांगतात."

"माझं तर लग्न झालंय यांच्याशी," ही म्हणाली. "मला कधीच कळलंय."

२८ एप्रिल

पिल्लांचा कापूस गेला. संध्याकाळी फटीच्या काठावर येऊन बसतात, एकमेकांना ढकलतात. आज मोठं गिरणीच्या छपरापर्यंत उडालं आणि उतरताना पत्र्यावरून घसरलं. सासूबाईंनी घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. गिरणीतही आता विष नाही. महिना कधीच उलटून गेला, बाईंनी विषय काढला नाही.

डॉक्टरबाई म्हणतात, जोडीला जागा मानवली तर पुन्हा तिथेच अंडी घालतात. मोडली तर निघून जातात. मी विचारलं, कुठे? त्या म्हणाल्या, "तेच तर. सगळीकडची भिंत आता एकसंध आहे."

१४ मे

तिन्ही उडाली. दिवसा माळ्यावर कुणी नसतं. आईबाप पहाटे येऊन बसतात, एवढंच.

मालकांनी सकाळी बोलावलं. "काका, आज लावून टाका पत्रा."

मी बरं म्हटलं. ठरलेलंच होतं ते. पत्रा, स्क्रू, लांबी काढून ठेवली. पत्र्यावरचे ओरखडे तसेच होते.

शिडी मात्र जागेवर नव्हती.

मुकादमाला विचारलं. "शिडी? कुठली शिडी?" म्हणाला. हमालांना विचारलं. एकाला खोकला आला, एक पाणी प्यायला गेला. गिरणीत विचारून आलो. सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे शिडी असती तर मी एव्हाना वर गेले नसते का?" गोदामाच्या चारी बाजूंनी फिरलो, गवतात पाहिलं. एवढी मोठी वस्तू, दोन माणसांशिवाय उचलत नाही, आणि नाही म्हणजे नाहीच.

मालक स्वतः आत आले. "काका, शिडी कुठे आहे?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. अगदी खरं तेच सांगितलं.

मालकांनी सगळीकडे नजर फिरवली. मुकादम छताकडे पाहत होता. ही आपल्या जागी पोती शिवत होती. आज तिच्याखाली पोत्यांचा ढीग नेहमीपेक्षा बराच लांब पसरलेला होता, आणि ती सकाळपासून त्याच्यावर बसून होती. जेवायलासुद्धा उठली नाही, डबा तिथेच मागवला. तिचे गुडघे दुखत असावेत.

मालक तिच्याकडे जरा वेळ पाहत राहिले. ती मान खाली घालून शिवत होती.

"काका खोटं बोलत नाहीत," शेवटी मालक म्हणाले. "शिडीच नाही, तर पत्रा कसा लावणार? साहेबांना तसं कळवतो. नवी शिडी बघू, सवडीने." दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "काकू, दमानं शिवा. घाई नाही."

"नाही हो, मला कुठे जायचंय?" ही म्हणाली.

पत्रा जागेवर नेऊन ठेवला. निघताना हिच्यासाठी फाटकापाशी बराच वेळ थांबलो. ती आणि मुकादम सगळ्यांत शेवटी बाहेर आले, दोघांच्या अंगाला पोत्यांची धूळ. एवढा वेळ आत काय करत होता, हे विचारायचं राहून गेलं.

वर फटीच्या काठावर एक घुबड येऊन बसलं होतं. पाहिलं ते एवढंच.